एका माफीनाम्याविषयी

कतारगाम, सुरत
मार्गशीर्ष वद्य षष्ठी

चिरंजीव बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावले. त्याची पहिली दोन पाने, ज्यांत कापसाचा भाव, सूनबाईंच्या बदलीची खटपट आणि विहिरीच्या वाटणीचे ते कधीच न संपणारे प्रकरण आहे, ती मी जेवणापूर्वी वाचली; तिसरे पान हात धुतल्यावर वाचले, आणि तेच आधी हाती आले असते तर तुझ्या काकूने हौसेने केलेले कतारगामच्या पापडीचे उंधियो माझ्या घशाखाली उतरले नसते.

तू लिहितोस की, शाळेच्या संमेलनात दहावीच्या एका मुलाने नवस या विषयावर भाषण करताना, जो देव नारळाच्या आणि बकऱ्याच्या बोलीवर काम करतो त्याच्यात आणि टेबलाखालून पैसे घेणाऱ्या कारकुनात अंतर ते किती, असा सवाल केला. त्यावरून गावातील चार प्रतिष्ठित मंडळी दुसऱ्या दिवशी सकाळीच तुझ्या कचेरीत येऊन बसली. आणि तू, प्रकरण हातघाईवर येऊ नये म्हणून, त्या मुलाकडून माफीनामा लिहून घेऊन तो प्रार्थनेच्या वेळी, साऱ्या शाळेसमोर, त्याच्याच तोंडून वाचवून घेतलास. एवढी हकीकत सांगून, आणि ‘प्रकरण मिटले’ असे खाली ठळक अक्षरांत लिहून, तू मला विचारतोस, ‘काका, बोलण्याचे स्वातंत्र्य मला मान्यच आहे, पण दुसऱ्याची श्रद्धा दुखावण्यापर्यंत ते असावे काय?’

प्रश्न उत्तम आहे. फक्त तो माफीनामा लिहून घेण्यापूर्वी पडावयास हवा होता. शिक्षा आधी आणि शंका मागाहून, हा शिरस्ता मोगलाईतल्या एखाद्या कोतवालाला शोभला असता, दादांच्या मुलाला शोभत नाही. आणि बाळ, ताम्हनाचे ते प्रकरण तू अगदीच विसरलास काय? त्या दिवशी सोवळ्यातल्या आत्याबाईंना तू जे विचारलेस त्याच्यापुढे या पोराचा कारकून म्हणजे काहीच नव्हे. पण आबांनी तुझ्याकडून माफीनामा लिहून घेतल्याचे मला स्मरत नाही. त्यांनी तुला जवळ बसवून घेतले, ‘विचार, पण हात धुऊन विचार’ एवढेच म्हणाले, आणि संध्याकाळी आत्याबाईंनीच तुला खोबऱ्याची वडी दिली. त्या वडीवर वाढलेला मनुष्य आज मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला भिंतीशी उभा करतो, हे वाचून मला राग आला की वाईट वाटले, याचा निवाडा मी अद्याप करू शकलेलो नाही.

तुझ्या प्रश्नाला माझे उत्तर ‘असावे’ असे आहे. ते एका शब्दात देऊन मी मोकळा झालो असतो. पण तू ज्या ‘दुखावण्या’ची भीती घालतोस त्याच्याविषयी या सुरतेत पाऊल टाकावे तिथे काही ना काही ऐकू येते, तेव्हा थोडे ऐक.

माझा सकाळचा फेरा तुला ठाऊक आहे. कतारगाम दरवाज्याच्या बाजूला, हिऱ्याचे कारखाने आणि चहाच्या टपऱ्या यांच्या गर्दीत, इंग्रजांची, डचांची आणि आर्मेनियनांची जुनी कबरस्ताने आहेत, आणि त्यांत असे अवाढव्य घुमट उभे आहेत की अनोळखी माणसाला ते एखाद्या नबाबाचे मकबरे वाटावेत. 1664 मध्ये महाराजांची फौज सुरतेवर आली तेव्हा इंग्रजांची वखार ज्याने लढवली तो ऑक्झेंडन तेथे पडला आहे. मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करविणारा डच अधिकारी व्हान रेडे पलीकडे पडला आहे. मूर्तिपूजा हे घोर पाप आहे असे मानणारे हे लोक मूर्तिपूजक सावकारांकडून कर्ज काढीत आणि मुसलमान बादशहाच्या अंमलदारांना जकात भरीत. त्याच बंदरात जगाला कर्ता आहे हेच नाकारणारे जैन सराफ होते, प्रेत दोखम्यात ठेवणारे पारशी होते, बोहरी होते, आणि या सर्वांच्या सावलीलाही विटाळ मानणारे नागर ब्राह्मण होते. यांपैकी प्रत्येकाचा धर्म, नीट पाहिले तर, शेजाऱ्याच्या धर्माचे खंडनच होता. कोणी तोंडाने एक अक्षर न बोलता नुसते आपापल्या देवळात गेले तरी दुसऱ्याच्या देवाला ‘तू खरा नव्हेस’ असे सांगितल्यासारखेच होते. दुखावणे हा अपराध मानला असता तर सुरतेच्या कोतवालीत माणसे ठेवायला जागा पुरली नसती.

म्हणून हे शहर गुण्यागोविंदाने नांदत होते असे मी म्हणतो, असा समज करून घेऊ नकोस. 1669 मध्ये काझीने चालविलेल्या धर्मांतराच्या सक्तीला त्रासून या गावचे सुमारे 8,000 वाणी घरेदारे आणि दुकाने बंद करून भरुचेस निघून गेले; बाजार ओस पडला, सरकारी महसूल बुडू लागला, आणि बादशहाकडून दिलासा मिळाल्यावर, काही महिन्यांनी, ते परतले. हा प्रसंग मी मुद्दाम सांगतो, कारण तू आणि तुझी ती चार प्रतिष्ठित मंडळी ज्या दोन गोष्टींची गल्लत करता त्या यात स्वच्छ वेगळ्या दिसतात. शेजारचा मुल्ला किंवा पाद्री आपल्या देवाला खोटे म्हणतो म्हणून या वाण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गाव सोडले नव्हते. ते सोडले हातात हुकूम असलेल्या माणसाने अंगावर सक्ती केली तेव्हा. श्रद्धेला इजा होते ती सत्तेच्या बळजोरीने. बोलण्याने तिला फार तर राग येतो, आणि राग येणे हा काही जखमेचा दाखला नव्हे.

आता तू हसशील, म्हातारा पुन्हा दादोबांकडे वळला म्हणशील. वळलो. मराठीचे व्याकरण 1836 मध्ये छापणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर सुरतेच्या सरकारी इंग्रजी शाळेवर होते, हे आपल्याकडच्या पदवीधरांनाही ठाऊक नसते. येथे त्यांची गाठ दुर्गाराम मंछाराम या गुजराती शाळेच्या मेहताजीशी पडली आणि 22 जून 1844 रोजी दोघांनी, दिनमणिशंकर, दलपतराम आणि दामोदरदास या आणखी तिघांसह, मानवधर्म सभा काढली. पाचही जणांची नावे ‘द’ने सुरू होणारी, म्हणून गाव त्यांना पाच दद्दे म्हणे. एक मराठी वैश्य आणि बाकीचे गुजराती, पगार सरकारी शाळेचा, राहणे भटाभिक्षुकांच्या शेजारी, आणि बोलणे काय, तर भूत नाही, मंत्राने काही होत नाही, जन्माने कोणी उच्च नाही, विधवेला पुन्हा लग्न करता आले पाहिजे. नुसते बोलून ते थांबले नाहीत. मंत्रतंत्र जाणणाऱ्यांना त्यांनी जाहीर आव्हान दिले की, या आणि आमच्यासमोर करून दाखवा. त्या मांत्रिकांची भावना दुखावली नसेल असे तुला वाटते काय? त्यांचे तर पोटच दुखावले! (दुर्गारामाने विधवाविवाहाचा एवढा पुरस्कार करून स्वतःची बायको वारल्यावर दुसरी केली ती कुमारिकाच, हे मला ठाऊक आहे, तू लिहिण्याआधी मीच लिहून टाकतो. बोलणारा माणूस अपुरा निघाला म्हणून बोलणे खोटे होत नाही.)

तेच दादोबा 1846 मध्ये मुंबईस गेले आणि 1849 मध्ये त्यांच्याच पुढाकाराने परमहंस मंडळी उभी राहिली. विचार तेच, किंबहुना अधिक धीट. सभासद होताना ख्रिस्ती माणसाने भाजलेली रोटी खावयाची, मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावयाचे. पण हे सारे बंद दाराआड, गुप्तपणे. मंडळीत मुंबईतले चांगले शिकलेले, नोकरीपेशाचे, घरंदाज लोक होते. रात्री ते जातिभेद मोडीत आणि सकाळी त्याच जातीच्या पंक्तीला सोवळे नेसून बसत. 1860 मध्ये मंडळीची कागदपत्रे चोरीस गेली, सभासदांची नावे बाहेर फुटली, आणि अकरा वर्षे चाललेली ती संस्था केवळ यादीच्या भीतीने विरून गेली. दादोबांचे ‘धर्मविवेचन’ छापून निघाले ते त्यानंतर आठ वर्षांनी. गंमत पाहा, सुरतेच्या उघड्या सभेच्या नोंदींवरून महीपतराम रूपराम यांनी 1879 मध्ये दुर्गारामाचे चरित्र लिहिले आणि ते आजही वाचता येते. मुंबईच्या गुप्त मंडळीचे दफ्तर मात्र चोराच्या हाती गेले.

माझे या बाबतीतले म्हणणे तू लहानपणापासून ऐकत आला आहेस. पण ऐकणे आणि लक्षात घेणे यांत अंतर असते म्हणून पुन्हा लिहितो. जेथे श्रद्धेविरुद्ध बोलण्याला मनाई असते तेथे श्रद्धेविरुद्धचा विचार थांबत नाही. तो आतल्या खोलीत जातो. मग घरोघर दोन जिभांची माणसे निपजू लागतात, एक जीभ देवघरातली आणि एक माडीवरची. बापाला मुलाचे खरे मत कळत नाही, गुरूला शिष्याचे कळत नाही, आणि अखेरीस स्वतःचे स्वतःलाही कळेनासे होते. आपल्या महाराष्ट्रात सुधारक थोडे झाले असे लोक म्हणतात. मला वाटते सुधारक पुष्कळ झाले, पण त्यांतले बहुतेक दार लावून झाले. ज्यांनी दार उघडे ठेवले त्या आगरकरांची त्यांच्या डोळ्यांदेखत पुण्यात प्रेतयात्रा निघाली. आणि धर्माची तरी या चोरीने कोणती सेवा होते? ज्याच्यावर उघड आक्षेप घेता येत नाही त्या धर्माला उघड उत्तर देण्याचा सरावच राहत नाही. आपले शास्त्री पूर्वपक्ष मांडल्यावाचून सिद्धान्ताला हात घालीत नसत, आणि पूर्वपक्ष मांडताना तो लेचापेचा मांडणे हे पांडित्याला उणेपणा आणणारे समजत. नास्तिकाचे म्हणणे आस्तिकाने आपल्या ग्रंथात, आपल्या हाताने, जपून लिहून ठेवले, हे आपल्या परंपरेचे वैभव. त्या परंपरेचा अभिमान मिरवणारी चार माणसे एका मुलाच्या एका वाक्याने घाबरी होऊन शाळेत येतात, तेव्हा त्यांच्या श्रद्धेची मला काळजी वाटू लागते, मुलाच्या अश्रद्धेची नव्हे.

सुरतेचीच दुसरी गोष्ट. परमहंस मंडळी ज्या 1860 मध्ये बुडाली, त्याच वर्षी 21 ऑक्टोबरला मुंबईच्या ‘सत्यप्रकाश’ पत्रात करसनदास मूळजी यांनी वल्लभ संप्रदायाच्या महाराजांवर लेख लिहिला. करसनदास स्वतः त्याच संप्रदायातल्या घरचा, आणि विधवाविवाहावर निबंध लिहिल्याबद्दल तरुणपणीच सांभाळ करणाऱ्या नातेवाईक बाईने घराबाहेर काढलेला. ज्यांनी त्याच्यावर 50,000 रुपयांच्या नुकसानीचा दावा लावला ते जदुनाथजी महाराज आमच्या सुरतेचे. खटल्याची कैफियत मी सांगत बसत नाही. तू ती वाचली नसलीस तर वाच, विशेषतः डॉ. भाऊ दाजी यांची साक्ष, कारण महाराजांच्या रोगाविषयी भर कोर्टात बोलायला त्या काळी डॉक्टरी ज्ञानापेक्षा दुसरेच काहीतरी लागत होते. मला महत्त्वाचा वाटतो तो खटल्याच्या आधीचा भाग. भाटिया जातीच्या पुढाऱ्यांनी जमून ठराव केला की, महाराजांविरुद्ध जो कोणी साक्ष देईल त्याला वाळीत टाकावे. म्हणजे करसनदासाचे म्हणणे खोटे आहे असे कोणी म्हणेना. ते कोणी बोलू नये एवढाच आग्रह! करसनदासाने या कटाबद्दल वेगळी फिर्याद केली, पुढाऱ्यांना दंड झाला, आणि मूळ खटल्याचा निकालही 22 एप्रिल 1862 रोजी त्याच्याच बाजूने लागला. त्यानंतर वल्लभ संप्रदाय बुडाला काय? आमच्या शहरातल्या हवेल्यांतून आजही मंगला आरतीला उभे राहायला जागा मिळत नाही. बुडाले ते आचरण, आणि त्याबद्दल भाविकांनीच करसनदासाचे आभार मानायला हवे होते.

आणि तरीही पाहा. या खटल्यावर 2013 साली गुजरातीत कादंबरी निघाली, तिच्यावरून ‘महाराज’ नावाचा चित्रपट झाला, आणि तो जून 2024 मध्ये घरोघर दिसू लागायच्या आदल्या दिवशी, काही भाविकांच्या अर्जावरून, गुजरात उच्च न्यायालयाने त्याला तात्पुरती मनाई केली. 1862 चा उघड्या न्यायालयातला निकाल 2024 मध्ये कोणाची भावना दुखवील म्हणून पेटीत बंद! सुमारे आठवड्याने न्यायमूर्तींनी स्वतः चित्रपट पाहिला, त्यात संप्रदायाची निंदा नाही असा अभिप्राय देऊन 21 जूनला मनाई उठवली, आणि मग कोणाचेही काही बिघडले नाही. आमच्या गल्लीत एक रत्नकलाकार राहतो, अमरेलीकडचा, कंठी घालणारा पक्का वैष्णव. हिरे घासण्याच्या घंटीवरून उतरल्यावर रात्री त्याने तो आपल्या मोबाईलवर पाहिला. दुसऱ्या दिवशी मी भीत भीत विचारले, तर म्हणाला, ‘काका, ठाकोरजीला यात कोणी काय म्हटले? म्हटले ते माणसाला.’ एवढा विवेक त्याच्याजवळ आहे, आणि एम.ए., बी.एड. असलेल्या तुझ्याजवळ तो का नसावा?

तू म्हणशील, काका, हे झाले इतिहासाचे. माझ्याकडे कायदा आहे. तुझ्याकडे जो आहे त्याचाही मजकूर नीट वाच. लाहोरच्या एका पुस्तिकेवरून रण माजले, तिच्या प्रकाशकाला उच्च न्यायालयाने सोडले, तेव्हा 1927 मध्ये सरकारने 295-अ हे कलम घाईने दंडसंहितेत घातले. त्या वेळी विधिमंडळात, धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणाऱ्यांचे संरक्षण झाले पाहिजे, असा इशारा जिनांनीही दिला होता. ज्याच्यावरून कायदा झाला त्या प्रकाशकाचा 1929 मध्ये खून झालाच. कलमाने खुन्याचा हात धरला नाही. पुढे 1957 मध्ये रामजीलाल मोदी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनेला धरून आहे असे ठरवले, परंतु त्याच निकालात हेही सांगितले की, धर्माचा हरएक अवमान त्याच्या कक्षेत येत नाही. बुद्ध्याच, दुष्ट हेतूने केलेलाच येतो. 1 जुलै 2024 पासून तेच कलम भारतीय न्याय संहितेत 299 क्रमांकाने आले आहे. आता त्या पोराचा दुष्ट हेतू कोठे आहे? त्याने कोणाच्या परक्या देवाला हात घातला नाही. तूच लिहितोस की, त्याच्या आईने त्याच्या आजारपणात नवस बोलून कर्ज काढले होते आणि ते अजून फिटायचे आहे. ज्या घरात नवसाचे व्याज भरले जाते त्या घरातल्या मुलाने नवसावर बोलायचे नाही, तर मग बोलायचे कोणी?

माझे खाजगी मत विचारशील तर हे कलम मुळातच नको आहे. भावना किती दुखावल्या हे मोजायचे माप कोणत्याही कचेरीत नाही, त्यामुळे ते अखेर जमलेल्या डोक्यांच्या संख्येवर मोजले जाते, आणि ज्याच्यामागे जमाव नाही त्याची भावना दुखावली तरी तिची नोंद होत नाही. वारकऱ्याची, आदिवासीची, एकट्या विधवेची, आणि हो, नास्तिकाचीही भावना असते. तिच्यासाठी कोणी दरखास्त घेऊन आल्याचे ऐकले आहेस?

याचा अर्थ तोंडाला येईल ते बोलावे, असा मात्र लावू नकोस. डिसेंबर 1992 मध्ये या शहरात जे घडले ते तुझी काकू अजून बोलून दाखवू शकत नाही, आणि ते दिवस ज्याने काढले आहेत त्याला शब्दाची भीती शिकवावी लागत नाही. पण त्या दिवसांत माणसे मेली ती कोणी कोणाच्या देवाची चिकित्सा केली म्हणून नव्हे. ‘त्यांना मारा’, ‘त्यांची घरे जाळा’ असे सांगणारे होते आणि ऐकणारे होते, म्हणून. ‘तुझा देव खोटा’ हे एक बोलणे आणि ‘तुला जगू देणार नाही’ हे दुसरे. पहिल्याला उत्तर द्यावे, दुसऱ्याला बेडी घालावी. आणि दुसऱ्याच्या दुबळेपणाचा फायदा घेऊन त्याच्या पूजेची टिंगल करणारा मनुष्य मला स्वतःला किळसवाणा वाटतो, मी त्याला माझ्या घरी पाणीही विचारणार नाही. पण मला किळस आली म्हणून शिपायाने त्याला पकडावे, ही मागणी मी करीत नाही.

तुझ्यापुढे दुसरा मार्ग नव्हता, हे मला पटत नाही. 1987 मध्ये महाराष्ट्र सरकारने डॉ. आंबेडकरांच्या लेखनाचा चौथा खंड काढला आणि त्यातल्या राम-कृष्णांवरील प्रकरणावरून केवढे वादळ उठले ते तुला आठवत असेल. तू तेव्हा कॉलेजात होतास, आणि दादांशी तुझे त्यावरून भांडणही झाले होते. एका बाजूने ते प्रकरण काढून टाका म्हणून मोर्चे, दुसऱ्या बाजूने एक अक्षर हलू देणार नाही म्हणून मोर्चे. शेवटी काय झाले? या मतांशी सरकार सहमत आहेच असे नाही, अशी टीप घालून मजकूर जसाच्या तसा ठेवला. सरकारला जे सुचले ते एका शाळेला सुचू नये? ‘हे मत वक्त्याचे आहे, शाळेचे नव्हे, ज्यांना ते अमान्य असेल त्यांनी पुढच्या शनिवारी याच व्यासपीठावर नवसाच्या बाजूने बोलावे’ एवढे तू त्या चौघांना सांगितले असतेस तर कदाचित त्यांच्यातला एखादा खरोखर आला असता, आणि मुलांना एका संमेलनाऐवजी दोन चांगली भाषणे ऐकायला मिळाली असती.

आता मनातली गोष्ट. तुझ्या पत्रातल्या शेवटच्या चार ओळी मी तुझ्या काकूला वाचून दाखवल्या नाहीत. माफीनाम्यानंतरही त्या चौघांतला एक गृहस्थ पोलीस चौकीत अर्ज देणार असून त्यावर ‘समक्ष ऐकले’ म्हणून तुझी सही मागतो आहे, आणि तू ‘विचार करून सांगतो’ म्हणाला आहेस. बाळ, विचार कसला करतोस? 20 ऑगस्ट 2013 च्या सकाळी पुण्यात ओंकारेश्वराच्या पुलावर डॉ. दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या. नवसाबद्दल, बुवाबाजीबद्दल तो मनुष्य आयुष्यभर जे सौम्य शब्दांत सांगत होता तेच या पोराने जरा तिखट शब्दांत सांगितले. मारेकऱ्यांपैकी दोघांना शिक्षा झाली ती मे 2024 मध्ये, जवळजवळ अकरा वर्षांनी. मी तुला घाबरवीत नाही. तुझ्या गावात असे कोणी नाही हे मी जाणतो. पण अशी माणसे एकदम उगवत नाहीत. आधी कोणीतरी सभ्य गृहस्थ अर्ज लिहितो, दुसरा सभ्य गृहस्थ त्यावर साक्षीदार म्हणून सही करतो, तिसरा त्या मुलाचे नाव बाजारात सांगतो, आणि मग ते नाव ज्याच्या कानी पडू नये त्याच्या कानी पडते. त्या मुलाचे वडील हातगाडीवर भाजी विकतात असे तू लिहितोस. त्यांची गाडी त्याच बाजारात उभी राहते ना? तिच्यावरचे गिऱ्हाईक या आठवड्यात कमी झाले का, हे तू पाहिलेस काय? पाहून ये, आणि मला लिही.

दुसरी काळजी त्या मुलाचीच. साऱ्या शाळेसमोर त्याने माफीनामा वाचला तेव्हा त्याचा आवाज कसा होता, हे तू लिहिले नाहीस. तो रडला असेल तर मला चिंता नाही. तो अगदी शांतपणे, स्पष्ट उच्चारांत, एखादा बक्षीसपात्र उतारा वाचावा तसा वाचून गेला असेल तर मात्र तो एका सकाळीत परमहंस मंडळीचा सभासद झाला, आणि त्याला दीक्षा देणारा तू. यापुढे तो तुझ्यासमोर नमस्कार करील, नवसाच्या नारळाचा प्रसादही घेईल, आणि त्याच्या मनात काय आहे ते तुला किंवा तुझ्या शाळेला पुन्हा कधी कळणार नाही.

म्हणून सांगतो तसे कर, आणि या खेपेस वाद घालू नकोस. वाद दिवाळीत येशील तेव्हा घालू, मी हौसेने घालीन. त्या अर्जावर सही करू नकोस. विचारले तर, मी भाषण पूर्ण ऐकले, त्यात द्वेष नव्हता, असा जबाब मीच लेखी देईन म्हणून सांग, आणि लागला तर खरोखर दे. तो माफीनाम्याचा कागद शाळेच्या दफ्तरातून काढून त्या मुलाच्या हातात परत ठेव. तुझ्या मागून येणाऱ्या मुख्याध्यापकाला तो सापडता कामा नये. ज्या प्रार्थनेच्या वेळी त्याला उभा केलास त्याच वेळी, त्याच जागी, तू स्वतः उभा राहून सांग की, या शाळेत प्रश्न विचारल्याबद्दल कोणाला माफी मागावी लागणार नाही. तुझी खुर्ची यामुळे जाणार नाही, आणि गेलीच तर कतारगामात तुला आणि सूनबाईंना पुरेल एवढी जागा आहे. मार्चमध्ये त्याची परीक्षा आहे. ती झाली म्हणजे शाळा सोडल्याच्या त्याच्या दाखल्यावर वर्तणुकीच्या रकान्यात ‘उत्तम’ असे लिही, आणि ते कारकुनाकडून न लिहवता स्वतःच्या हाताने लिही.

सूनबाईंस व मुलांस आशीर्वाद. उत्तर उलट टपाली यावे.

तुझा,
काका